न चाखलेली चटणी

पार्बताबाई: मंग गोदाबाईच्या बकरीनं काय केलं व्हतं, सांग मले.

रुख्मिणी: काई नाई केलं, आत्याबाई.

पार्बताबाई: काई नाई केलं! अन् मी आषाढात तिच्या दारात उभी राहून तिच्या बकरीचा उद्धार करून आली. "माह्या बारशीचे वाघाटे खाल्ले तुह्या बकरीनं, आता मी उपास कायवर सोडू?" असं म्हनलं तिले. ते बिचारी अजूनबी विहिरीवर माह्याकडं पाहत नाई. अन् वाघाटे हे अठी! माह्याच घरात, लोनच्याच्या बरनीमांगं लपून बसले!

रुख्मिणी: वाघाटे नाई. कळ्या हायेत. शिमग्यात तोडल्या अन् मिठात घातल्या.

पार्बताबाई: कळ्या तोडल्यावर फळ कुठून धरन वं? कुंपनावर तो एकच येल. लग्न होऊन आली तवापासून एकादशीचा उपास मी त्याच येलाच्या भाजीवर सोडते. घरच्या बैलालेबी ठाऊक हाये हे. तुले नाई?

रुख्मिणी: ठाऊक हाये. तीन वरसं मीच करून वाढली ना भाजी.

पार्बताबाई: अन् शिमग्यात हातभर ओरखडे व्हते ते त्याच येलाच्या काट्याचे ना? मांजरीनं ओरबाडलं म्हने! आपल्या घरी मांजर कवा व्हती?

रुख्मिणी: तवा तुमी इचारलं नाई.

पार्बताबाई: मले वाटलं गोदाबाईची असन.

रुख्मिणी: हसू येऊन राहिलं मले, रागवू नका.

पार्बताबाई: हस, हस. आता सांग, कोनासाठी केलं हे? तुह्या नवऱ्यासाठी तं नाई. सहदेवले मिठातलं काई चालत नाई.

रुख्मिणी: डॉक्टरीनबाईसाठी. शिमग्यात पोराले पाहाले आली व्हती पाहा ती कॅम्पातल्या दवाखान्यातून. विहिरीजोळ तो येल फुलावर व्हता. तिनं पाहिला अन् तठीच उभी राहिली. म्हने, आमच्या देशात याचीच भाऊबंद झाडं हायेत, समुद्राच्या काठी दगडावर उगवतेत. तिची माय त्याच्या कळ्या मिठात घाले अन् चटनी करे. आता लढाई लागली, तिकडून काई येत नाई. ती गेल्यावर मी तोडल्या.

पार्बताबाई: साऱ्या?

रुख्मिणी: मीठ घातल्यावर थोड्याच उरतेत. बाळंतपनात पोर आडवं व्हतं तवा तिनं माहा हात सोडला नाई, आत्याबाई. तुमीच तं म्हनलं व्हतं, तिच्यापायी आपलं घर भरलेलं हाये.

पार्बताबाई: म्हनलं व्हतं. आताबी म्हनते. मले सांगतलं असतं तं चार कळ्या मी सोडाले लावल्या असत्या, येवढंच. बरं, जाऊ दे. उतरव ते. अन् हा वास कायचा येऊन राहिला सकाऊनपासून? आज पितराची अमावस, घरात वड्याची दाळ भिजून राहिली, अन् वास पाहा.

रुख्मिणी: घरात नाई तो. बाहेर निंबाले टांगलेलं हाये.

पार्बताबाई: काय टांगलेलं हाये?

रुख्मिणी: सुकी मासोई. बारीक, मिठातली. कौशल्या भोईन कौंडण्यपूरहून आली व्हती बाजारात, तिच्याकडून घेतली.

पार्बताबाई: रुख्मे!

रुख्मिणी: उंबऱ्याच्या आत आनली नाई. तुमच्या गळ्यात माळ हाये, मले समजत नाई का? मीबी या घरात आली त्या दिवसापासून तोंडात घातली नाई.

पार्बताबाई: मंग आज काय डोस्कं फिरलं तुहं? पितराच्या दिवशी माळकऱ्याच्या दारात मासोई! तुहे मामंजी वरून पाहत असतीन तं पानालेबी शिवनार नाईत.

रुख्मिणी: डॉक्टरीनबाईची माय वारली.

पार्बताबाई: काय म्हनतं?

रुख्मिणी: ते वारली थंडीत, अन् खबर आली बैलपोयाच्या आसपास. तीथबी समजली नाई. दवाखान्यातली आया सांगत व्हती, बाई रोज कामाले येते, बायांची बाळंतपनं करते, अन् ताट तसंच परत पाठवते.

पार्बताबाई: अरे बापा! अन् सुतक?

रुख्मिणी: कोन पाळन? एकटी हाये अठी.

पार्बताबाई: घास टाकला कोनं?

रुख्मिणी: कोनीच नाई. म्हनून मी तिले आज बोलावलं. ज्याची तीथ ठाऊक नाई त्याचं पान आजच वाढतेत ना? तुमीच दरसाली म्हनता, मेलेल्या मानसाच्या आवडीचं पानावर नसलं तं त्याचा जीव घुटमळत राहते. तिच्या मायले ते चटनी आवडे. त्या चटनीत मासोई लागते. मी काय करू?

पार्बताबाई: खीर वाढ. वडे वाढ. कढी कोनाले आवडत नाई?

रुख्मिणी: मामंजींच्या पानावर तंबाखूची चिमूट काऊन ठेवता?

पार्बताबाई: त्याहीले आवडे म्हनून. माळकरी मानूस, सारं सोडलं, पन तंबाखू सोडली नाई. भजनातबी गालात असे.

रुख्मिणी: अन् तुमाले तंबाखूचा वास सहन होत नाई.

पार्बताबाई: लय शहानी झाली तू.

रुख्मिणी: तुमच्याच हाताखाली झाली.

पार्बताबाई: हं. मंग तिचं पान तिच्या आवडीचं, माह्या आवडीचं नाई. बरोबर हाये ते. पन माह्या पाट्यावर नाई मासोई वाटू देनार, सांगून ठेवते. पाटा धुतला तरी त्याले वास राह्यते.

रुख्मिणी: पाटा नाई लागत. त्यांच्याकडं खलात कुटतेत. तिले म्हनलं, दवाईचा खल घेऊन ये.

पार्बताबाई: सारं ठरवूनच बसली! मले इचाराची गरजच काय व्हती?

रुख्मिणी: गरज व्हती. तुमी नाई म्हनलं असतं तं मी ते पुडकं निंबावरून काढून कौशल्येले वापस देलं असतं.

पार्बताबाई: कौशल्या घेते बरी वापस.

रुख्मिणी: आत्याबाई.

पार्बताबाई: आता काय अजून?

रुख्मिणी: अंदा माह्या मायचं पान...

पार्बताबाई: गेल्या सालीबी तेच इचारलं तू. अन् गेल्या सालीबी मी तेच सांगतलं. लेकीनं वाढलेलं पोचत नाई, ल्योक वाढते.

रुख्मिणी: मले भाऊ नाई. माह्या बाबानं दुसरं घर केलं, त्याहीले तिची याद नाई. मंग ते उपाशीच ना?

पार्बताबाई: मी काय करू वं? रीत मी बनवली का? तुह्या पोराले मोठं होऊ दे, तो वाढन आजीले. चाल, वडे थापाले घे. तांगा वाजून राहिला, आली वाटते तुही बाई.

(निंबाखाली गोणपाट अंथरलेलं. मधे पितळी खल, शेजारी भोकरांची बरणी, कळ्यांची बरणी, मासोळीचं पुडकं. पार्बताबाई चार हात लांब, ओट्यावर, नाकाला पदर लावून.)

डॉक्टरीणबाई: नमस्कार, पार्बताबाई. मी आपल्या घरी असे पदार्थ आणवले, याबद्दल मला संकोच वाटतो.

पार्बताबाई: बसा, बसा. तुमी नाई आनवले, माह्या सुनेनं आनवले. मी लांबूनच बोलते, राग मानू नका. माळ हाये.

डॉक्टरीणबाई: मला ठाऊक आहे. शास्त्रीबुवांनी मला मराठी शिकवताना हेही शिकवले होते.

पार्बताबाई: तरीच तुमी पोथीवानी बोलता. जेवल्या का सकाऊनपासून?

डॉक्टरीणबाई: चहा घेतला.

पार्बताबाई: चहा काय जेवन हाये! बरं... तुमची माय गेली म्हने.

डॉक्टरीणबाई: होय. माझ्या आईचे निधन झाले.

पार्बताबाई: निधन नाई म्हनाचं, बाई. माय गेली म्हन.

डॉक्टरीणबाई: आई गेली.

पार्बताबाई: हं. कोन कोन हाये तिकडं?

डॉक्टरीणबाई: एक बंधू आहेत. ते लढाईत पकडले गेले, शत्रूच्या कैदेत आहेत. वडील पूर्वीच गेले. शेजारच्या लोकांनी तिला पुरले. मला अजून रडणे आले नाही, पार्बताबाई. मी डॉक्टर आहे, मला वाटते माझ्यात काही बिघडले आहे.

पार्बताबाई: काई बिघडलं नाई. रडाले जागा लागते, तुले ते भेटली नाई. रुख्मे, सुरू कर वं, उन्ह वर येऊन राहिलं.

रुख्मिणी: बाई, हे पाहा. तुमच्या त्या काळ्या फळाले जैतून म्हनतेत ना, ते आमच्याकडं नाई. अत्तरवाल्याजोळ तेल भेटते त्याचं, फळ नाई. म्हनून हे भोकरं घेतले. उन्हाळ्यात मिठाच्या पान्यात घातले व्हते. चिकटपना गेला अन् रंग काळपट झाला.

डॉक्टरीणबाई: हे आमचे ऑलिव्ह नाही. पण अशीच बी, असेच दाबून काढायचे. आईने पाहिले असते, तर फार हसली असती.

पार्बताबाई: हसू दे. पितर हसले तं बरंच हाये, रागावले तं तरास.

डॉक्टरीणबाई: आणि या त्या कळ्या? तुम्ही खरोखर केल्या? आमच्याकडे या कळ्यांवरूनच त्या पदार्थाचे नाव पडले आहे. त्यांच्याशिवाय तो होतच नाही.

पार्बताबाई: त्या कळ्यांपायी मी एका बकरीवर खोटा आळ घेतला, बाई. मंग तुले सांगीन.

रुख्मिणी: पयले काय टाकू?

डॉक्टरीणबाई: प्रथम लसूण. नंतर मासे, नंतर कळ्या. फळे शेवटी. तेल थोडे थोडे.

पार्बताबाई: लसूनबी? पितराच्या पानावर? बरं, टाक. मासोई चालली तं लसनानं काय घोडं मारलं. तेल जवसाचं घे, घाण्यावरून कालच आनलं. अन् दनादन कुटू नको, तिथं काय सरकी फोडून राहिली का तू?

डॉक्टरीणबाई: बरोबर आहे. आई म्हणायची, लगदा करायचा नाही, दाताला लागले पाहिजे.

पार्बताबाई: मंग तिचं अन् माहं पटलं असतं.

रुख्मिणी: वास आला, बाई?

डॉक्टरीणबाई: होय. तो वास नाही, पण... त्याच्या शेजारच्या घरचा आहे. हा पाव मी बरोबर आणला आहे. कडेचा तुकडा तोडून आई त्यात बुडवायची आणि चव बघायची. मीठ किती, लिंबू किती, ते त्यावर ठरायचे. मी आता...

पार्बताबाई: थांब! थांब, बोट घालू नको!

डॉक्टरीणबाई: माझे काही चुकले?

पार्बताबाई: पितराचं हाये ते. त्याहीच्या पानावर वाढाच्या आंधी कोनी चाखत नाई. चाखलं का उष्टं झालं. खीरबी मी अंदाजानंच करते.

डॉक्टरीणबाई: पण चव घेतल्याशिवाय मला कसे कळणार? हे फळ निराळे आहे, मासे निराळे आहेत, तेलही निराळे आहे. मी वीस वर्षांत हा पदार्थ केलेला नाही. आईच करायची. मला मीठ कळणार नाही.

पार्बताबाई: चाखाचं नाई. आठवाचं. डोये मिट अन् सांग, तुह्या मायले मीठ कसं लागे? कमी का जास्त?

डॉक्टरीणबाई: मला... मला नीट...

पार्बताबाई: घाई नाई. कोनी तांगा जुंपून नाई बसलं.

डॉक्टरीणबाई: जास्त. फार जास्त. ती फार खारट करायची. वडील रोज कुरकुर करायचे. म्हणायचे, ही चटणी आहे की समुद्र आहे? आणि ती मान वर न करता म्हणायची, मग पाणी प्या. दर रविवारी हेच. दर रविवारी वडील हेच म्हणायचे आणि ती हेच म्हणायची. मी आणि बंधू टेबलाखाली एकमेकांना पाय मारायचो आणि वाट बघायचो, आता म्हणेल, आता म्हणेल... आणि... पार्बताबाई, मला आता रडू येत आहे.

पार्बताबाई: रड, माय. रड. पन अशी अलीकडं सरकून रड. डोयाचं पानी खलात पडलं तं अजून खारट होईन, मंग तुह्या बापाले पाजाले आमच्या विहिरीत येवढं पानी नाई.

डॉक्टरीणबाई: मी आपल्या जवळ बसू का? माझ्या हाताला मासे लागले आहेत.

पार्बताबाई: बस. माह्या पदराले नको पुसू म्हंजे झालं. बस अशी. रुख्मे, मीठ घाल वं, मूठ आखडू नको. अन् लिंबू?

डॉक्टरीणबाई: लिंबू शेवटी. अर्धे.

रुख्मिणी: घातलं.

पार्बताबाई: झालं तं मंग. पत्रावळ मांड. तोंड दक्षिनेकडं. बाई, तू हातानं वाढ अन् तिचं नाव घे. मोठ्यानं नाई घेतलं तरी चालते. पाव ठेव, ते चटनी ठेव, पान्याचा पेला ठेव. पेला इसरू नको, तिनं येवढं सांगतलं व्हतं.

डॉक्टरीणबाई: मी वाढले तर चालेल? शास्त्रीबुवा म्हणाले होते, हे काम पुत्राचे असते. मी मुलगी आहे.

पार्बताबाई: शास्त्रीबुवाले काय ठाऊक तुह्या घरचं? ल्योक कैदेत हाये. मंग मायनं काय उपाशी राहाचं? तू वाढ. तिनं तुले पोटात वागवलं, दूध पाजलं, अन् तुह्या हातचा घास ओळखनार नाई? पोचन. काऊन नाई पोचनार?

रुख्मिणी: पोचते, आत्याबाई?

पार्बताबाई: हो ना वं, पोचते. ती काय परकी...

रुख्मिणी: लेकीनं वाढलं तरी?

पार्बताबाई: तो पेला... पेला जरासा सरकव वं तिकडं.

रुख्मिणी: मी नुसतं इचारून राहिली.

डॉक्टरीणबाई: काय झाले? मी काही चुकीचे बोलले का?

पार्बताबाई: तू नाई, बाई. तू वाढ. नाव घेतलं?

डॉक्टरीणबाई: घेतले. आता पुढे काय?

पार्बताबाई: आता हात जोड अन् उठ. तिले तिचं खाऊ दे.

डॉक्टरीणबाई: आणि कावळा आला नाही तर?

पार्बताबाई: अमावशेले त्याले लय घरं असतेत. येईन सवडीनं. तू तोवर विहिरीवर जाऊन हात धू, अन् माह्या हातचे दोन वडे खा. ताट वापस पाठवलं तं दवाखान्यात येऊन भांडीन, सांगून ठेवते. भांडनात मी कशी हावो ते गोदाबाईले इचार.

डॉक्टरीणबाई: खाईन. आता मला खरोखर भूक लागली आहे.

पार्बताबाई: जा तं मंग. रुख्मे.

रुख्मिणी: जी. खल घासून टाकते. मासोईचं पुडकं विहिरीपलीकडं पुरते, वास राहनार नाई.

पार्बताबाई: खल राहू दे तसाच. त्यात अर्धं उरलं हाये ना?

रुख्मिणी: हाये. बाईसाठी ठेवलं, डब्यात घालून देते.

पार्बताबाई: त्यातलं बाईले दे, अन् थोडं बाजूले काढ. तुहं माहेर वर्धेच्या काठचं. अठी आली त्या साली तू एकदा म्हनलं व्हतं, तुही माय सुक्या मासोईची चटनी अन् भाकर असली तं दुसरं काई मागत नसे. मी तवा तुले म्हनलं, या घरात ते नाव काढू नको. अन् तू काढलं नाई. सून म्हनून येवढं ऐकलं तू माहं, अन् मी तुहं एक नाई ऐकलं.

रुख्मिणी: तुमाले याद हाये ते?

पार्बताबाई: मले सारं याद राह्यते. तोंडात काई येते अन् मनात काई राह्यते, असा माहा सोभाव हाये. परक्या बाईले तोंड भरून सांगतलं पोचते म्हनून, अन् घरच्या लेकीले दोन सालं नाई म्हनत राहिली. देवानं माह्या जिभेले हाड देलं नाई, पन लाज देली हाये.

रुख्मिणी: आत्याबाई, मी काई म्हनलं नाई.

पार्बताबाई: नाई म्हनलं, तेच तं. आता अजून एक पत्रावळ आन. बाईच्या मायच्या बाजूले मांड, दोघीले सोबत होईन. अन् भाकर ठेव, पाव नको, तुह्या मायले, सुभद्रेले, पाव कोनं खाऊ घातला व्हता?

रुख्मिणी: मांडली.

पार्बताबाई: अन् आता लिंबू, मीठ तुह्या हातानं घाल. नाई, नाई, बोट नको लावू. आठव. सुभद्राविहीनबाईले मीठ कसं लागे वं?